जुन्या गाडीचा रंग उतरवताना: आधी खाली काय आहे ते ओळखा

रंग उतरवायच्या पद्धती बऱ्याच आहेत: रासायनिक रिमूव्हर, पॉलिश पेपर, ग्राइंडरच्या चकत्या, ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कणांचा मारा), रसायनाची टाकी. नवखा माणूस हमखास विचारतो, ‘यातली झटपट कुठली?’ माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: रंगाखाली काय आहे? कारण यातली प्रत्येक पद्धत रंगाबरोबर आणखीही काहीतरी खाते. ग्राइंडर पत्रा खातो, वाळूचा मारा पत्र्याचा आकार बिघडवतो, कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो, रिमूव्हर फायबरच्या बॉडीचं रेझिन मऊ करतो. आणि बेफिकीर राहिलात तर धूळ आणि वाफ तुमच्या फुफ्फुसांचं नुकसान करतात. खाली काय आहे ते नीट कळलं की पद्धत निवडणं सोपं होतं.

सगळा रंग काढायचा का?

हे आधी ठरवा. कारखान्यातून आलेला मूळ रंग अजून पत्र्याला घट्ट धरून असेल, नुसता फिका पडला असेल, तर तो मुळापासून काढायची गरज नसते. खराब जागा तेवढ्या घासून कडा मिटवून घेतल्या की भागतं, आणि कधी कधी नुसत्या पॉलिशनेही रंग उजळतो. जुनी वाहनं जपणाऱ्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची ट्युरिन सनदही शक्य तिथे जपणुकीला नव्याने घडवण्यापेक्षा वरचं स्थान देते. एकदा उतरवलेला मूळ रंग कोणालाच परत आणता येत नाही.

पत्र्यापर्यंत जायलाच हवं अशी कारणं ठराविक असतात. रंगाला बारीक जाळीदार तडे गेलेत, पापुद्रे सुटतायत, खालून गंजाचे फुगे वर येतायत, किंवा एकावर एक इतके रंग चढलेत की दाराच्या कडा गोल दिसू लागल्यात. जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. 300 च्या पुढे आकडा गेला की गाडी पुन्हा रंगवली गेली आहे असं धरा, आणि 1000 च्या पुढे गेला तर तिथे जवळपास नक्कीच लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. यंत्र घेताना ते लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं घ्या. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खडूने खूण करा.

पत्रा, ॲल्युमिनियम, फायबर की लाकूड

चुंबक हातात आहेच तर प्रत्येक भाग वेगळा तपासा. एक दार लोखंडी निघालं म्हणून बॉनेटही लोखंडीच असेल असं नाही. जॅग्वारच्या एक्सके120 मध्ये बॉडी लोखंडी पत्र्याची झाल्यावरही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच होतं. 1948 साली आलेल्या लँड रोव्हरच्या बॉडीचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. 1953 साली आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटची तर अख्खी बॉडीच फायबरग्लासची. अजून जुन्या, हाताने बांधलेल्या बॉडीत पत्र्यामागे लाकडी सांगाडा असतो. तिथे पाण्याने भरपूर धुवायला लागणारं रसायन वापरलं तर लाकूड ओलावा धरून बसतं आणि आतून कुजायला लागतं.

दरवाज्याची हँडल, दिव्यांच्या कड्या, बोधचिन्हं असल्या ओतीव भागांत जस्ताचा मिश्रधातू बराच वापरलेला असतो. त्याला आम्लही सोसत नाही आणि कॉस्टिकही. ते भाग आधीच उतरवून बाजूला ठेवलेले बरे.

आणि शिसं. जुन्या बॉडीत छत आणि मागचा पत्रा जिथे जुळतो तिथला सांधा कथील-शिशाच्या मिश्रणाने भरून गुळगुळीत केलेला असे. रंग उतरला की हा भाग पत्र्यापेक्षा फिका, मंद राखाडी दिसतो आणि चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठतो. तो सुस्थितीत असेल तर तसाच राहू द्या. त्यावर मशिन फिरवू नका, शिशाची धूळ उडते. हीट गनही नको, हे मिश्रण 183 अंश सेल्सिअसपासूनच वितळायला लागतं.

रंग कुठल्या जातीचा

1920 च्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि ब्रशने थर देऊन वाळायची आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याचे दिवस संपले. पुढे 1930 च्या दशकात अल्किड इनॅमल, 1950 च्या दशकात ॲक्रिलिक लॅकर, आणि नंतर हार्डनर मिसळून मारायचे दोन भागांचे रंग. जुन्या गाडीवर यातल्या दोन-तीन पिढ्या एकावर एक बसलेल्या असू शकतात.

ओळखायची युक्ती साधी आहे. लपलेल्या जागी, म्हणजे दाराच्या आतल्या कडेवर किंवा डिकीच्या झाकणाखाली, लॅकर थिनरमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी थोडा वेळ दाबून धरा आणि मग घासा. रंग विरघळून चिंधीवर उतरला तर तो लॅकर. दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून उठला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर दोन भागांचा किंवा भट्टीत पक्का केलेला रंग समजा.

हे कशाला कळायला हवं? खालचा लॅकर तसाच ठेवून वर आधुनिक रंग मारला की त्यातला थिनर खालच्या थराला मऊ करतो आणि सगळं सुरकुतून वर येतं. शिवाय लॅकर रिमूव्हरने भराभर सुटतो. हार्डनरच्या रंगाला मात्र दोन-तीन हात लागतात.

श्वासाची आणि हाताची काळजी

जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत लेड क्रोमेट असायचं, आणि गंजरोधक लाल प्राइमरमध्ये शिशाचा ऑक्साइड. ॲल्युमिनियमवरचा पिवळट हिरवा प्राइमर दिसला तर तो झिंक क्रोमेटचा असण्याची शक्यता मोठी. त्यातल्या क्रोमियममुळे कर्करोगाचा धोका असतो. शिशासाठी चाचणीच्या काड्या मिळतात. त्या नसतील तर 1980 च्या आधीच्या रंगात शिसं आहे असं धरूनच चाला.

धुळीसाठी पी3 किंवा पी100 दर्जाचा फिल्टर लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क हवा. कापडी मास्क किंवा तोंडावर बांधलेला रुमाल शोभेपुरता. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण आहे तसं. थिनर आणि रिमूव्हरच्या वाफेला वेगळं, कोळशाचं कार्ट्रिज लागतं. धुळीचा फिल्टर वाफ अडवत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका, बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढा किंवा ओल्या फडक्याने टिपा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास असताना हे काम करायचं नाही.

बॅटरी काढून टाका. पेट्रोलची टाकी शक्य असेल तर गाडीतून उतरवूनच ठेवा. ग्राइंडरची ठिणगी आणि थिनरची चिंधी एका खोलीत राहू शकत नाहीत. ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाची धूळही एकत्र साठू देऊ नका. गंजाचा भुगा आणि ॲल्युमिनियमचा भुगा मिळून भडका उडू शकतो.

उतरवण्याआधी टिपून घ्या

बंपर, दिवे, रबर, पट्ट्या, हँडल, जमलं तर काचाही काढा. हाताशी कॅमेरा आहेच, प्रत्येक टप्प्याला फोटो घ्या. हाताने ओढलेल्या रेघा किंवा अक्षरं असतील तर त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवून घ्या आणि कडेपासूनची अंतरं लिहून ठेवा, कारण फोटोवरून मापं मिळत नाहीत. मूळ रंगाचा नमुना ऊन न लागलेल्या जागी सापडतो: डॅशबोर्डमागे, दाराच्या रबराखाली, पट्टीच्या आड. तिथला एक तुकडा तसाच सोडा, किंवा निदान रंग जुळवून घेईपर्यंत त्याला हात लावू नका.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर जिथे ठोकलेले आहेत तिथे मास्किंग टेपचे तीन-चार थर चढवा. त्या जागेवर ग्राइंडर किंवा ब्लास्टिंग कधीही नको. तिथला रंग हलक्या रिमूव्हरने आणि मऊ ब्रशने काढा. अंक पुसट झाले तर गाडीची ओळखच वादात सापडते.

रिमूव्हरने रंग उतरवणे

मोठे, सपाट आणि पातळ पत्रे, म्हणजे छत, बॉनेट, दारं, यांच्यासाठी मला हीच पद्धत सगळ्यात बरी वाटते. पत्रा गरम होत नाही आणि घासला जात नाही. वेळ लागतो आणि घाण होते, त्याला इलाज नाही.

जुन्या, झटपट काम करणाऱ्या रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड असायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. कोळशाचं साधं कार्ट्रिज तिला फार वेळ अडवू शकत नाही आणि नेहमीचे नायट्राइल हातमोजे ती काही मिनिटांत पार करते. अमेरिकेत 2019 पासून सामान्य ग्राहकांना हे रिमूव्हर विकायला बंदी आहे. नवख्याने याच्या वाटेला जाऊ नये. बेंझिल अल्कोहोलवरचे रिमूव्हर संथ असतात, पण घरच्या कामाला तेच ठीक. त्यासाठी ब्युटिल रबराचे हातमोजे आणि डोळे पूर्ण झाकणारा गॉगल घाला. एन-मेथिल पायरोलिडोन असं डब्यावर लिहिलेलं असेल तर तो डबा टाळा, त्याने गर्भाला अपाय होतो.

काम सावलीत, वारा खेळता असेल तिथे करा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रिमूव्हर मुरायच्या आत वाळतो. क्रम असा ठेवा:

1. पत्र्याच्या कडा, सांधे आणि शेजारचे भाग टेप आणि प्लास्टिकने झाका. सांध्यापासून साधारण दोन-अडीच सेंटीमीटर अंतर सोडा. ही पट्टी शेवटी हाताने घासायची आहे.

2. 40 नंबरच्या पॉलिश पेपरने वरच्या थरावर आडवे-उभे ओरखडे काढा. रिमूव्हर आत शिरायला वाट मिळते. हार्डनरच्या रंगावर ही पायरी टाळलीत तर दुप्पट वाट बघाल.

3. ब्रशने जाड थर एकाच दिशेने ठेवा. भिंत रंगवताना करतो तसा ब्रश मागेपुढे फिरवू नका, वरची साय मोडते आणि वाफ निसटते. वर पातळ प्लास्टिक अंथरा.

4. वाट पाहा. डब्यावरची वेळ हा अंदाज असतो. दर थोड्या वेळाने एका कोपऱ्यात खरवडून बघा. बेंझिल अल्कोहोलवाला रिमूव्हर कित्येक तास घेतो, रात्रभरही ठेवता येतो, फक्त वाळू देऊ नका.

5. सुटलेला रंग प्लास्टिकच्या पात्याने किंवा कोपरे गोल केलेल्या लोखंडी पात्याने ओढा. टोकदार कोपरा पत्र्यावर चर पाडतो आणि तो चर भरायला पुन्हा लांबी लागते. राहिलेल्या जागी दुसरा हात द्या.

6. रिमूव्हरचा अंश डब्यावर सांगितलं असेल त्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने काढा, लगेच कोरडं करा.

यातली खरी मेख सांधा आहे. दुमडलेल्या कडेत, दाराच्या खालच्या घडीत, दोन पत्र्यांच्या फटीत रिमूव्हर शिरला की धुण्याने तो सगळा निघत नाही. काही आठवड्यांनी तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि नव्या रंगाला फोड आणतो. म्हणून पहिल्या पायरीतली ती पट्टी सोडायची.

फायबरच्या बॉडीवर नेहमीचा रिमूव्हर वापरू नका. फायबरसाठी असं स्पष्ट लिहिलेलाच वापरा, तोही आधी लपलेल्या जागी तपासून. खरं तर फायबरवर धारदार ब्लेड आडवं धरून खरवडणं आणि मग हाताने पेपर मारणं जास्त भरवशाचं. वेळखाऊ आहे, पण खालचा जेलकोट (फायबरवरचा रेझिनचा गुळगुळीत थर) शाबूत राहतो.

घासून काढणे

कडा, कोपरे, सांध्यालगतची पट्टी आणि वळणदार मडगार्ड यांना हीच पद्धत. हाताशी ड्युअल ॲक्शन सँडर (चकती फिरता फिरता हेलकावतेही असं घासायचं मशिन) हवा, 80 नंबरचा पेपर लावून सुरुवात करा. थर फारच जाड असतील तर 40 किंवा 60. नायलॉनच्या जाळीत खरखरीत कण गुंफलेली काळी किंवा निळी चकती मिळते, ती रंग आणि गंज दोन्ही काढते आणि पत्र्याला फारसं ओरबाडत नाही.

ग्राइंडरला फ्लॅप डिस्क किंवा घासायचा दगड लावून बॉडीच्या पत्र्यावर फिरवणं मात्र नको. जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण 0.9 ते 1.2 मिलिमीटरचा असतो. त्यातला दहावा भाग जरी गेला तरी ती जागा कायमची अशक्त होते. त्याहून मोठा धोका उष्णतेचा. सपाट पत्र्याच्या मधोमध मशिन एकाच जागी रेंगाळलं की पत्रा ताणला जातो. मग दाबला की टक् करून आत जातो, सोडला की बाहेर येतो. असा ताणलेला पत्रा परत आवळून बसवणं मुरलेल्या डेंटरलाही सोपं नाही. म्हणून मशिन सतत सरकतं ठेवा आणि मध्ये मध्ये हातमोजा काढून तळवा टेकवा. तळवा टेकवत नसेल तर त्या भागाला विश्रांती द्या आणि दुसरीकडे वळा.

ॲल्युमिनियम आणखी मऊ. तिथे जोर लावू नका, लोखंडावर वापरलेला पेपर किंवा तारेचा ब्रश परत वापरू नका. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुढे खराबी सुरू होते.

जुनी लांबी लागली तर ती पूर्ण काढा. खाली बहुधा काहीतरी झाकलेलं असतं: पोचा, रिव्हेट मारलेली पट्टी, भोक पडलेला गंज. हे रंगाच्या आधी कळलेलं परवडतं.

ब्लास्टिंग, टाकी आणि हीट गन

चॅसी, सस्पेन्शनचे भाग, चाकाच्या रिम अशा जाड लोखंडाला ब्लास्टिंगसारखं दुसरं काही नाही. बॉडीच्या पत्र्याला नको. कणांच्या सततच्या माऱ्याने वरचा पृष्ठभाग पसरतो आणि पत्रा कमानीसारखा वाकतो. खाण्याच्या सोड्याचे किंवा प्लास्टिकचे मऊ कण पत्र्याला झेपतात, पण सोड्याचा अंश उरला तर नवा प्राइमर धरत नाही, त्यामुळे नंतरची धुलाई काटेकोर हवी. साध्या वाळूने ब्लास्टिंग करणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे काम देऊ नका. सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. ब्रिटनमध्ये तर 1949 च्या नियमांनीच या कामासाठी वाळू वापरायला बंदी आली.

अख्खी बॉडी रसायनाच्या टाकीत बुडवून घेण्याने पोकळ्यांमधला रंग आणि गंजही जातो. पण त्याच पोकळ्यांत रसायन अडकतं, आणि आतलं संरक्षक आवरणही निघून जातं, ते परत कसं लावणार ते आधी ठरलेलं हवं. हीट गन नवख्याने बाजूलाच ठेवावी. शिशाचा रंग तापला की विषारी वाफ, आणि पातळ पत्रा तापला की लाटा.

उघडा पत्रा

एका दिवसात जेवढ्याला प्राइमर मारू शकाल तेवढाच पत्रा उघडा करा. एका वेळी एक दार, नाही तर बॉनेट. सगळी गाडी एकदम उघडी करून ठेवली की दमट हवेत काही तासांत तांबूस झाक चढते, आणि बोटांच्या घामाचे ठसे तर त्याआधीच उमटतात. स्वच्छ पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही.

बारीक खड्ड्यांत गंज उरला असेल तर फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण लावा, पण ते पत्र्यावर वाळू देऊ नका आणि नंतर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन पूर्ण सुकवा. ॲसिडचा अंश उरलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर नीट धरत नाही. शेवटी 80 ते 180 दरम्यानच्या पेपरचा एकसारखा हात द्या, कुठला नंबर ते तुमच्या प्राइमरच्या डब्यावर दिलेलं असतं. मग मेण आणि तेल काढायचं क्लीनर दोन फडक्यांनी वापरा: एकाने ओलं पुसायचं, दुसऱ्या कोऱ्या फडक्याने ते वाळायच्या आत टिपायचं. एकाच फडक्याने तेल निघत नाही, नुसतं पसरतं.

लोखंडी पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर उत्तम. एका डब्यातला साधा प्राइमर ओलावा शोषतो, त्याच्या भरवशावर गाडी महिनोन्‌महिने ठेवू नका. ॲल्युमिनियमला त्या धातूसाठी सांगितलेला प्राइमरच लावा. खरवडलेला रंग, रिमूव्हरचा गाळ आणि धूळ झाकणाच्या डब्यात भरून घातक कचरा म्हणून द्या, गटारात किंवा बागेत नाही. थिनरच्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच टाका, गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका.

प्राइमरनंतर लगेच रंगाची घाई करू नका, विशेषतः रिमूव्हर वापरलेल्या भागांवर. गाडी दोन-तीन आठवडे कोरड्या, उबदार जागी ठेवा आणि सांधे, घड्या, पट्टीची भोकं रोज न्याहाळा. कुठे बारीक फोड उठला तर तेवढा भाग पत्र्यापर्यंत उघडा करा, फट धुऊन पूर्ण सुकवा आणि पुन्हा प्राइमर द्या. तोवर डब्यावर दिलेली पुढच्या थराची मुदत उलटून गेलेली असेल, त्यामुळे रंगाआधी सगळ्या प्राइमरवर 320 नंबरच्या पेपरचा हलका हात फिरवा.